‘वॉरंटी आहे ना भाऊ!’ : नागपुरात जुनी गाडी घेण्याआधी

जानेवारी २०२४ मध्ये मी रिंग रोडवरच्या एका डीलरकडून २०२० सालची हॅचबॅक घेतली. गाडी "एकदम मक्खन" होती आणि वर "एक वर्षाची वॉरंटी आहे ना भाऊ, कायचं टेन्शन घेता!" मी टेन्शन घेतलं नाही. मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, वर्धा रोडच्या एका सिग्नलवर एसीतून गरम हवा यायला लागली. कॉम्प्रेसर गेला होता. डीलरकडे गेलो तर त्याने शांतपणे माझ्याच सहीचा कागद पुढे केला. वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती. २६ हजार रुपये माझ्या खिशातून गेले.

खरा चटका नंतर बसला. दिवाळीला गाडी साफ करताना ग्लव्हबॉक्समधल्या मॅन्युअलच्या मागच्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद सापडला. पहिल्या मालकाने कंपनीकडून पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी. मुदत ऑगस्ट २०२४ पर्यंत आणि त्यात एसीचा कॉम्प्रेसर धरलेला. म्हणजे ज्या वॉरंटीच्या भरवशावर मी बसलो होतो तिचा उपयोग नव्हता आणि जिचा होता ती गुडघ्यापासून हातभर अंतरावर पडून होती.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी जुनी गाडी पाहायला निघालं की मला फोन करतं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं.

१. पहिला प्रश्न : वॉरंटी कोणाची?

"वॉरंटी आहे" हे उत्तर नव्हे. ती कोण देतंय, म्हणजे उद्या बिल कोण भरणार, हे विचारा. जुन्या गाडीवर साधारण चार प्रकारची वॉरंटी असू शकते.

पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची मूळ वॉरंटी. ती गाडीला चिकटलेली असते, माणसाला नाही. मुदत शिल्लक असेल तर सहसा दुसऱ्या मालकालाही मिळते. दुसरी, कंपनीचीच एक्स्टेंडेड वॉरंटी. ही पहिल्या मालकाने वेगळे पैसे देऊन घेतलेली असते. विकणाऱ्याच्या ती लक्षातही नसते, म्हणून तुम्हीच विचारायचं. तिसरी, कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या दालनाची, उदाहरणार्थ मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाई प्रॉमिस, टोयोटा यू-ट्रस्ट. ट्रू व्हॅल्यू पात्र गाड्यांवर एक वर्षापर्यंतची वॉरंटी आणि तीन मोफत सर्व्हिस देतं. यातला ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच दालनात उभ्या असलेल्या सगळ्याच गाड्यांना ती मिळत नाही. चौथी, डीलरची स्वतःची किंवा त्याने एखाद्या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीकडून तुम्हाला काढून दिलेली.

थेट मालकाकडून घेत असाल तर पहिल्या दोनच शक्य. "इंजिनची गॅरंटी माझी" असं एखादे काका छातीवर हात ठेवून सांगतील. काका खरेच भले असतील. पण गिअरबॉक्स गेला तर ते पैसे देणार नाहीत आणि आपणही त्यांच्या दारात मागायला जाणार नाही.

२. तारखेचं गणित मांडा

मूळ वॉरंटी पहिल्या मालकाच्या हातात गाडी आली त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा असतो आणि नोंदणीची तारीख वेगळी. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये विकली गेली असेल तर तीन महिने इकडचे तिकडे होतात. पक्की तारीख पहिल्या विक्रीच्या बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर मिळते.

वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. "तीन वर्षं किंवा एक लाख किमी" याचा अर्थ दोन वर्षांत एक लाख किमी पळालेल्या गाडीला वॉरंटी उरलेली नाही. नागपूर-रायपूर किंवा नागपूर-पुणे सतत फिरणाऱ्या गाड्यांचं असंच होतं.

आणखी एक घोळ. कंपनी मुदत बदलते, पण ती त्या दिवसानंतर विकलेल्या गाड्यांसाठी. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा १ लाख किमी केली. त्याआधीच्या गाड्यांना ती दोन वर्षं किंवा ४० हजार किमी होती. २०२३ ची स्विफ्ट विकणारा तुम्हाला आजच्या जाहिरातीतली मुदत ऐकवील, मुद्दाम किंवा अजाणता. तुम्ही त्या गाडीचं कार्ड पाहा.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर बॅटरीची वॉरंटी वेगळी वाचा. ‘आजीवन’ हा शब्द दिसला तर जपून. एमजी विंडसरच्या बॅटरीवरची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे. गाडी विकली की ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीवर येते. तीही काही कमी नाही, पण भाव आजीवनच्या हिशेबाने देऊ नका.

३. काय झाकलंय आणि काय उघडं आहे

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच आणि माझे पैसे गेले तेही इथेच.

कंपनीची वॉरंटी बनावटीतल्या दोषासाठी असते, वापराने झिजणाऱ्या गोष्टींसाठी नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर, फिल्टर, बल्ब, ऑइल हे सगळं तुमच्या खर्चात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ते बनवणाऱ्या कंपन्यांची असते आणि तिचं कार्ड वेगळं. सस्पेन्शनमधले रबरी बुश बहुतेक ठिकाणी वगळलेले किंवा फार थोड्या मुदतीचे असतात. आपल्याकडच्या उन्हाने रबर लवकर तडकतं, पण पुस्तिकेत ती ‘नैसर्गिक झीज’च ठरते.

डीलरच्या वॉरंटीत यादी आणखी आखूड होते. "इंजिन आणि गिअरबॉक्स" हे ऐकायला भरभक्कम वाटतं. पण इंजिन म्हणजे नेमकं काय? टर्बो आला का? इंजेक्टर आले का? फ्युएल पंप, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), वॉटर पंप, टायमिंग चेन? पुष्कळ कागदांत ‘इंजिनचे अंतर्गत, ऑइलमध्ये बुडालेले भाग’ एवढंच लिहिलेलं असतं. टर्बो इंजिनलाच जोडलेला असतो, तरी तो वगळलेला निघू शकतो. डिझेल गाडी घेणाऱ्याने तर इंजेक्टर आणि टर्बो हे दोन शब्द यादीत बोटाने शोधावेत.

नागपुरात राहता तर एसीचं नाव घेऊन विचारा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल. गॅस भरणं जवळपास कुठल्याच वॉरंटीत नसतं. पुण्याचा माणूस हा प्रश्न विसरला तर चालेल, आपल्याला एप्रिल ते जून काढायचे असतात.

४. वॉरंटी कशाने मरते

मुदत शिल्लक आहे, पार्ट यादीत आहे, तरी क्लेम नाकारला जातो. कारणं ठरलेली असतात.

सर्व्हिस चुकलेली असणं हे पहिलं. बहुतेक गाड्यांची सर्व्हिस १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा असते. नागपुरात निम्म्या गाड्या घर ते ऑफिस एवढ्याच चालतात. मालक म्हणतो, "चालतेच कुठे, वर्षाला चार हजार!" आणि वर्षाची सर्व्हिस सोडून देतो. पुढे इंजिनचा क्लेम आला की सर्व्हिस सेंटर नेमकं त्याच रिकाम्या वर्षावर बोट ठेवतं.

दुसरं, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. कंपनीनेच बसवलेलं असेल तर वॉरंटी चालू राहते. बाहेरचं असेल तर इंजिनशी संबंधित क्लेम अडतो. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. किट गाडीत आहे आणि आरसीवर फक्त पेट्रोल, तर वॉरंटी सोडाच, विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

तिसरं, कापलेल्या वायरी. मोठा म्युझिक सिस्टीम, जादाचे दिवे, रिमोट लॉक बसवताना मूळ वायरिंगला जोड दिला की त्या लाइनवरचा इलेक्ट्रिकल क्लेम गेला. डॅशबोर्डखाली वाकून काळ्या टेपचे जोड दिसतात का ते पाहा.

शिवाय अपघात, भेसळीचं इंधन, भाड्याने वापर. पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करून विकली असेल तर तिच्या वॉरंटीच्या अटी मुळातच वेगळ्या असू शकतात. आरसीवर किंवा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर ते कळतं.

५. २३ सप्टेंबर २०२३ लक्षात ठेवा

यासाठी वेगळी पायरी केली, कारण पाण्यात गेलेल्या गाडीला कंपनीची वॉरंटी लागू होत नाही आणि आपल्या शहरात अशा गाड्या आहेत.

त्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या काही हवेत विरल्या नाहीत. काही नीट दुरुस्त होऊन मालकाकडेच राहिल्या, काही विमा कंपन्यांकडून लिलावात गेल्या, काही बाजारात फिरतायत. अशी गाडी विकणं गुन्हा नाही, लपवून विकणं चूक आहे. आणि हे फक्त नागपूरच्या गाड्यांपुरतं नाही. चेन्नईची किंवा मुंबईची गाडी स्वस्तात आली असेल तरी हीच तपासणी करा :

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग पुसलेला असतो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का? मॅटखालची फोम ओलसर, कुबट? काचा लावून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. नागपूरचं ऊन इथे तरी कामाला येतं. जुन्या गाडीला कोरे सीट कव्हर आणि खोबरेल तेलासारखा चकाकणारा डॅशबोर्ड दिसला की मी आधी खाली वाकतो.

कागदावर ओळखायची एक युक्ती : विम्याच्या पॉलिसीतला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट. क्लेम न घेतल्यास तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य किंवा २० असेल तर मधे क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. कशाचा, ते विचारा. उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो तेही पाहा.

६. सर्व्हिसचा इतिहास स्वतः काढा

विकणाऱ्याने दाखवलेल्या सर्व्हिस बुकावर थांबू नका. गाडीचा नंबर आणि १७ अक्षरी चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर जा, शक्य असेल तर मालकाला सोबत घेऊन, कारण काही ठिकाणी मालकाशिवाय माहिती देत नाहीत. काउंटरवर तीन गोष्टी विचारा : सर्व्हिस कधी आणि किती किलोमीटरला झाल्या, मूळ वॉरंटी कधी संपते, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली आहे का. तिसरा प्रश्न मी विचारला असता तर २६ हजार वाचले असते. दोन मिनिटांचं काम.

प्रत्येक बिलावर किलोमीटर छापलेले असतात. ते ओळीने मांडा. ३८ हजार, ४९ हजार आणि आज मीटरवर ४४ हजार, तर मीटर मागे फिरवलेला आहे. मीटरशी छेडछाड सिद्ध झाली की वॉरंटी रद्द होते, मग ती तुम्ही केलेली असो वा नसो.

जाता जाता रिकॉलही विचारून घ्या. कंपनीने एखादा भाग परत बोलावला असेल तर तो मोफत बदलून मिळतो, मालक दुसरा असला तरी. वॉरंटीच्या मुदतीशी त्याचा सहसा संबंध नसतो.

७. डीलरच्या कागदावर सही करण्याआधी

इथे खुर्ची, चहा आणि घाई तिन्ही मिळतात. चहा घ्या, घाई घेऊ नका. वॉरंटीची पूर्ण पुस्तिका मागा, पत्रक नव्हे. "व्हॉट्सॲपवर टाकतो साहेब" म्हणाले तर आलेली फाइल वाचेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. त्यात हे शोधा :

– क्लेमची कमाल रक्कम. काही वॉरंट्या एका क्लेमला किंवा वर्षभरात ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. गिअरबॉक्सचं बिल ८० हजार आणि मर्यादा ३० हजार, असं होऊ शकतं.
– सुरुवातीचा थांबा. पहिले काही दिवस किंवा काही किलोमीटर क्लेम चालत नाही अशी अट असते का?
– मजुरी धरलीय की फक्त पार्ट?
– दुरुस्ती कुठे? फक्त डीलरच्या गॅरेजात की कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरवर? अमरावतीजवळ गाडी बंद पडली तर टोइंग कोणाचं?
– मधल्या काळात सर्व्हिस त्यांच्याकडेच करायची सक्ती आहे का?
– वॉरंटी देणारी कंपनी वेगळी असेल तर तिचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि त्यावर तुमच्या गाडीचा चासी नंबर. डीलरचं दुकान उद्या बंद झालं तरी क्लेम कोणाकडे करायचा हे त्यावरून कळतं.

डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात "गाडी पाहून, चालवून, समाधान झाल्यावर जशी आहे तशी घेतली" असं छापलेलं असतं. ते पूर्ण काढायला डीलर तयार होत नाही. पण तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच कागदाच्या मोकळ्या जागेत हाताने लिहून सही-शिक्का घेता येतो. "एसी कॉम्प्रेसर, सहा महिने" एवढे चार शब्द. त्याने लिहायला नकार दिला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

८. वॉरंटी आपल्या नावावर

गाडी नावावर होते ती आरटीओत, वॉरंटी नावावर होते ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्या कामाबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या बाबतीत काही कंपन्या ठरावीक दिवसांत कळवायला सांगतात, काही थोडी फी घेतात किंवा गाडी तपासतात. आरसी नावावर होईपर्यंत थांबू नका. विक्री झाली त्याच आठवड्यात काउंटरवर जाऊन, काय काय लागेल ते लिहून आणा.

आरटीओचं थोडक्यात : फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. नागपुरात शहर (एमएच-३१), पूर्व (एमएच-४९) आणि ग्रामीण (एमएच-४०) अशी तीन कार्यालयं आहेत, तुमच्या पत्त्याप्रमाणे जा. छिंदवाडा किंवा रायपूरकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हिशेबात धरा. वॉरंटीला मात्र राज्याची सीमा नसते. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा हप्ता वाढेल.

एका फाइलमध्ये हे ठेवा :

– आरसीची जुनी आणि नवी प्रत
– पहिल्या विक्रीचं बिल किंवा वॉरंटी कार्ड
– एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रमाणपत्र
– सर्व्हिसची सगळी बिलं
– टायर आणि बॅटरीची कार्डं
– डीलरची वॉरंटी पुस्तिका, डिलिव्हरी नोट, पैसे दिल्याची पावती
– विम्याची पॉलिसी, पीयूसी
– दुसरी किल्ली (कागद नाही, पण याच वेळी मागायची असते)

आणि ग्लव्हबॉक्स पूर्ण रिकामा करा. मॅन्युअलच्या कव्हरचे कप्पेसुद्धा.

९. बिघाड झाला तर

कोपऱ्यावरच्या उस्तादाकडे आधी नेऊ नका. उस्ताद चांगलाच असतो, माझा गेली बारा वर्षं एकच आहे. पण त्याने एकदा इंजिन उघडलं की सर्व्हिस सेंटर "बाहेर खोललंय" म्हणून हात झटकतं. तापमानाचा काटा चढला किंवा ऑइलचा दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करा. तशीच घरापर्यंत आणली तर पुढचं नुकसान तुमच्या निष्काळजीपणाचं मानलं जातं. डॅशबोर्डचा फोटो काढा आणि टोइंग बोलवा.

सर्व्हिस सेंटरवर जॉब कार्डमध्ये तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "एसी चेक" नको, "एसीतून गरम हवा, कॉम्प्रेसर चालू होत नाही" असं. दुरुस्तीला होकार देण्याआधी विचारा, हे वॉरंटीत आहे की नाही. नाही म्हणाले तर कोणत्या कलमाखाली, ते ईमेलवर मागा. तोंडी नकार पुष्कळदा लेखी मागितल्यावर मवाळ होतो, हे मी सासऱ्यांच्या गाडीच्या वेळी पाहिलं.

१०. तरीही नकार मिळाला तर

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, सोबत फाइलमधले कागद. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूंची प्रकरणं तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीला हा रस्ता खुला आहे. शेजारच्या काकांकडून घेतलेल्या गाडीला तो सहसा नाही, कारण काका व्यापारी नाहीत.

मी स्वतः आयोगात गेलो नाही. एका वकील मित्राला कागद दाखवला. त्याने वाचला, उलटून मागची बाजू वाचली आणि विचारलं, "ही सही तुझीच ना?"